नऊ बायकांची टक्केवारी काढू नये

आदरणीय ताई,

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मराठी घेऊन. गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. कॉलेज एसटीने पाऊण तासावर. या वर्षी सरांनी ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी माझं नाव दिलं. मी आमच्या गावातल्या नऊ बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्यात, एकूण 212. सुट्टीत रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जायचे, मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि रात्री वहीत उतरवून काढायचे. सगळ्यांत मोठी माझी आज्जी, 81 वर्षांची.

कॉलेजच्या फेरीत माझ्या शेजारी सायन्सचा मुलगा होता. त्याने ठिबकचं मॉडेल आणलेलं, खरंच पाणी पडत होतं. सगळी गर्दी तिकडे. माझ्या पोस्टरवर जवळजवळ नुसता मजकूर. परीक्षक आले, वरून खाली बघितलं आणि म्हणाले, “यात नवीन काय? आणि समाजाला याचा उपयोग काय?” मी म्हटलं, “ओव्या हा आपला सांस्कृतिक ठेवा आहे, तो जपला पाहिजे.” पुढे शब्दच फुटेना. दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि गेले. तरी यादीत माझं नाव आलं. (मैत्रीण म्हणते, तुमच्या गटात तीनच जण होते.) अठरा दिवसांनी जिल्ह्याची फेरी आहे.

सर म्हणतात, आलेख टाक, टक्केवारी टाक, गृहीतक मांड, नाहीतर ते संशोधन वाटत नाही. ‘गिरणी आल्यावर ओव्या सुटल्या’ असं सात जणी म्हणाल्या, तर ‘77.77 टक्के महिला’ असं लिहायला सांगितलंय. भाऊ म्हणतो, इंग्रजीत कर. आणि पोस्टरवर सरांचं नाव वर, मोठ्या अक्षरात आहे, माझं खाली. ते मला बोलताही येत नाही. कधी कधी वाटतं, नावच मागे घ्यावं. सोबत पोस्टरचा फोटो आणि वहीची पानं पाठवते.

ता.क. एक गंमत. आज्जीला नुसतं बसवून विचारलं की चार ओव्यांवर गाडी थांबायची. “आठवत न्हाय बया.” मग आम्ही माळ्यावरचं जातं खाली काढलं. खुंटा हातात धरल्यावर तिने एका बैठकीत 31 म्हटल्या. जात्यात दाणे नव्हतेच.

– पोस्टरपाशी मुकी झालेली

प्रिय मुकी,

पत्र वाचत होते तेव्हा वाटत होतं, पोरीला धीर द्यावा लागणार. मग तुझा ता.क. आला. ‘एक गंमत’ म्हणून जे तू तळाशी ढकललंस, ते तुझं संशोधन आहे, आणि पोस्टरवर त्याचा एक शब्द नाही. मी फोटो मोठा करकरून बघितला. ‘लोकसाहित्य म्हणजे काय’ आहे. ‘ओवी : व्याख्या व स्वरूप’ आहे. ‘ओवीचे महत्त्व’ तर दोन ठिकाणी आहे. आज्जी कुठेच नाही. कोपऱ्यात एक जातं आहे, पण ते नेटवरून उचललेलं दिसतंय, तुमच्या माळ्यावरचं नव्हे.

आधी त्या दोन परीक्षकांचं बघू. ‘यात नवीन काय’ हा प्रश्न मीही विचारलेला आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. वीस-पंचवीस पोस्टर झालेली असतात, जेवणाची वेळ टळून गेलेली असते, समोरच्या पोस्टरवर इतका मजकूर असतो की कुठून वाचायला सुरुवात करावी कळत नाही. मग हा प्रश्न तोंडातून निघतो. तो आळशी प्रश्न आहे, कबूल. पण वाईट नाही. चांगल्या तयारीच्या मुलाला तो दार उघडून देतो. तुझ्या उत्तराने मात्र ते दार लागलं, कारण ‘सांस्कृतिक ठेवा’ म्हटल्यावर समोरच्याने पुढे विचारायचं काय? हो म्हणायचं आणि पुढच्या पोस्टरकडे वळायचं.

शिवाय ते उत्तर अंगाशी येऊ शकतं. ओव्या जपायचं काम तुझ्या आधी फार मोठ्या माणसांनी केलंय. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडच्या खंड काढले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळशा आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात, अर्थासकट. या ढिगापुढे 212 म्हणजे ओंजळभर. त्यामुळे ‘प्रथमच’, ‘दुर्मिळ’, ‘लुप्त होत चाललेला’ हे तिन्ही शब्द पोस्टरवरून आजच काढ. मी विद्यार्थिनी असताना एका परिसंवादात छाती पुढे काढून ‘हे संकलन प्रथमच होत आहे’ म्हटलं होतं. शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून नुसतं वर धरलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ही चारही नावं पोस्टरवर एका ओळीत येऊ देत. आधी कोणी नांगरलंय हे तुला माहीत आहे, एवढं परीक्षकाला त्यावरून कळतं.

आता खुंटा. आज्जीला बाजेवर बसवून विचारलं तर 4 आणि रिकाम्या जात्यावर 31. तुझ्या वहीत आज्जीसकट चौघींच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘जा.’ लिहिलंय, ते मी ‘जात्यावर’ असं वाचते. बाकी तिघींचे आकडे तूच टिपलेत : एकीच्या 9 होत्या त्या 17 झाल्या, दुसरीच्या 6 च्या 22. तिसरीच्या मात्र 14 वरून 12 वर आल्या, आणि शेजारी तू लिहिलंयस, ‘गुडघे दुखतात म्हणून उठल्या.’ पोरी, ही सोन्यासारखी नोंद आहे. ती खोडू नकोस. चारही आकडे एकाच दिशेने गेले असते तर मला जरा शंकाच आली असती.

म्हणजे तुझ्याकडे प्रश्न तयार आहे : ओवी बाईच्या लक्षात राहते ती शब्दांत, की हाताच्या फेऱ्यात? इतका मोठा प्रश्न नऊ बायकांवर सुटणार नाही, आणि सोडवायला तुला कोणी सांगितलेलंही नाही. तू एवढंच म्हणायचंस की आमच्या गावात नऊ जणींना दोन्ही प्रकारे विचारलं, आणि काय घडलं ते हे. ‘नवीन काय’ याला हे उत्तर आहे. लहान आहे, पण तुझं आहे. आज्जीसमोर तू बसली होतीस, दुसरं कोणी नव्हतं.

पण पाच जणी राहिल्यात, आणि इथे एक मेख आहे. चौघींनाही तू आधी नुसतं विचारलंस आणि मग जात्यावर बसवलंस. उद्या एखादा सायन्सवाला परीक्षक म्हणेल, “दुसऱ्या वेळेला जास्त आठवणारच, तोवर बाई रंगात आलेली असते. जात्याचा काय संबंध?” बरोबर बोलेल तो. म्हणून उरलेल्या पाचांपैकी तिघींना आधी जात्यावर बसव आणि दुसऱ्या दिवशी नुसतं बसून विचार. दोघींना तुझ्या नेहमीच्या क्रमाने. वेळ सगळ्यांना सारखी दे, वीस मिनिटं म्हण. घड्याळ लावून बस, पण घड्याळ त्यांना दिसेल असं ठेवू नकोस. आकडे उलटे आले तर उलटे लिही. अठरा दिवसांत पाच घरं होतात. ज्यांच्याकडे जातं उरलं नसेल त्यांना तुमच्या घरी बोलाव, चहा ठेव. तीन दिवस हाताशी राहू देत, कारण ऐन वेळी कोणाच्या तरी घरी पाहुणे येतातच.

वहीच्या तिसऱ्या पानावर आणखी एक गोष्ट पडून आहे, तीही तुला दिसलेली नाही. भाऊ दिवाळीला न्यायला येतो ती ओवी. आज्जीच्या तोंडी तो बैलगाडीतून येतो. चार घरं सोडून राहणाऱ्या बाईंच्या तोंडी तीच ओवी, तोच शेवट, पण भाऊ येतो ‘येस्टीनं’. तू दोन्ही उतरवल्यास आणि दुसरीपुढे ‘पाठभेद’ लिहून मोकळी झालीस. अगं, या एका शब्दावर तारखेचा शिक्का आहे! आपल्याकडची पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर धावली. म्हणजे तो शब्द त्या ओवीत त्याआधी शिरूच शकत नाही. तुमच्या गावात पहिली एसटी कधी आली, हे पारावरचे म्हातारे सांगतील. वर्ष नेमकं सांगता आलं नाही तरी ‘अमक्याच्या लग्नाच्या आधी’, ‘मोठ्या दुष्काळाच्या वर्षी’ असं सांगतील, आणि 1972 चा दुष्काळ माणमध्ये कोणी विसरलेलं नाही. त्यावरून तुला अदमास काढता येईल. फक्त एवढं सांभाळ, की ओवी तेव्हा रचली गेली असं म्हणायचं नाही. ओवी जुनीच असेल, नुसतं वाहन बदललं असेल. तुला तारीख लागते ती त्या शब्दाची.

आणि त्या बाई ही ओवी शिकल्या कुठे? तुझ्या तक्त्यात नाव, वय, गाव असे रकाने आहेत आणि गावाच्या रकान्यात नऊ वेळा तुमचंच गाव. पण या बायका तुमच्या गावात जन्मल्या का? बहुतेक सगळ्या सासरी आलेल्या. आज्जी तुमच्या गावची सून आहे, लेक नव्हे. तिने ओव्या उचलल्या त्या आईच्या नाहीतर चुलतीच्या जात्यापाशी, दहा-बारा वर्षांची असताना, दुसऱ्याच गावात. मग ‘आमच्या गावातील ओव्या’ हे शीर्षकच लंगडं पडतं. तक्त्यात ‘माहेर’ हा रकाना घाल, आणि ‘कोणाकडून ऐकली’ हाही. कोणास ठाऊक, येस्टीवाल्या बाईंचं माहेर हमरस्त्यावरचं निघेल आणि आज्जीचं आडवाटेचं. निघेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय राहू नकोस.

एक अवघड गोष्ट. वहीतली आडनावं बघितली. नऊपैकी आठ जणी एकाच भावकीतल्या दिसतात. ओळखीच्या घरी गेलीस, साहजिक आहे, संध्याकाळी एकट्या मुलीला कुठेही कसं पाठवतील. पण जाणता परीक्षक विचारेल, “बाकीच्या वस्तीतल्या बायका ओव्या म्हणत नाहीत का?” म्हणतात, आणि वेगळ्या म्हणतात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या ‘पारी’वर आहेत. ऐक एकदा. जातं तेच आणि चालही ओळखीची, पण आतला देव बदललाय. तुझ्या गावातल्या त्या वस्तीत काय म्हणतात, हे तुला माहीत नाही, आणि पोस्टरवर ते तसं कबूल करायला हवं : ‘या नऊपैकी आठ जणी एकाच भावकीतल्या आहेत. निष्कर्ष या नऊ जणींपुरता.’ आता घाईघाईने तिकडे जाऊन दोन नावं वाढवू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या घरी जायचं आणि तेही पोस्टरची तारीख जवळ आली म्हणून, हे त्यांना कळतं आणि बरं वाटत नाही. फेरी झाल्यावर जा, रिकाम्या हाताने, नुसती बसायला.

आता सर. त्यांचा तुझ्यावर जीव आहे हे दिसतंय, नाहीतर नाव दिलंच नसतं. पण ‘77.77 टक्के महिला’ हे काही खरं नाही. नऊ बायकांची टक्केवारी काढू नये. त्यातली एक देवदर्शनाला गेली तर अकरा टक्के महाराष्ट्र बदलतो! ‘नऊपैकी सात’ लिही, त्याहून स्पष्ट काही नसतं. आलेख हवाच असेल तर नऊ जणींच्या नऊ जोड्या काढ : डावीकडे नुसतं बसून आलेला आकडा, उजवीकडे जात्यावरचा, मध्ये रेघ. चढणारी रेघ आणि उतरणारी रेघ लांबूनही दिसते. गृहीतक मागितलं तर वरचाच प्रश्न विधानासारखा लिही : ‘जात्यावर बसल्यावर बाईला जास्त ओव्या आठवतील.’ झालं गृहीतक. सरांना हे तोंडी समजावत बसू नकोस. कच्चा आराखडा कागदावर काढून घेऊन जा आणि म्हण, “सर, असं केलं तर चालेल का?” समोर तयार कागद असला की शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. मी तरी म्हणत नसे.

नावाचंही तसंच. या स्पर्धेत सहभागी विद्यार्थी असतो आणि शिक्षक मार्गदर्शक असतो, प्रवेशिकेवर दोन्हींचे रकाने वेगळे असतात. नव्या पोस्टरवर प्रवेशिकेतल्यासारखंच लिही, आधी ‘सादरकर्ती’, खाली ‘मार्गदर्शक’, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत. “सर, फॉर्मप्रमाणे केलंय,” एवढंच वाक्य. त्याउपर सरांनी हट्ट धरला तर या फेरीपुरतं सोडून दे, पण परीक्षकासमोर उत्तरं तूच द्यायचीस. सर शेजारी उभे राहून बोलू लागले तर एक पाऊल पुढे सरक.

भावाला सांग, मराठीच. 2006 सालापासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने विद्यापीठांची ही स्पर्धा चालू आहे आणि तिच्या सहा गटांतला एक मुळी मानव्यविद्या, भाषा आणि ललितकलांचा आहे. ओवीचं पोस्टर तिथे इंग्रजीत लावलं तर उलट हसतील. हिंदी-इंग्रजीतली चार वाक्यं तेवढी पाठ ठेव, समोर कोण येईल सांगता येत नाही.

पोस्टर. आकार बहुतेक ठिकाणी 1 मीटर बाय 1 मीटर असतो, तरी तुमचं पत्रक नीट बघ. मजकूर आहे त्याच्या एक चतुर्थांश कर. व्याख्या गेली, स्वरूप गेलं, महत्त्व दोन्हीकडून गेलं. राहिलं काय? वर प्रश्न. मध्ये नऊ जोड्यांचा आलेख. डावीकडे आज्जीचा जात्यावर बसलेला फोटो, खिडकीच्या उजेडात, हात आणि खुंटा दिसेल असा (चेहरा नसला तरी चालेल). उजवीकडे बैलगाडीची ओवी आणि येस्टीची ओवी शेजारी शेजारी, बदललेला शब्द तेवढा रंगीत. खाली तक्ता, आधीच्या संकलकांची ओळ आणि मर्यादेची ओळ. झालं. छापण्याआधी पूर्ण पोस्टर एका ए-फोर कागदावर काढून बघ. ते साधारण एक पंचमांश होतं. कागद हातात धरून चष्म्याशिवाय वाचता आला तर मोठं पोस्टर लांबून वाचता येईल. आत्ताचं तुझं पोस्टर ए-फोरवर मुंग्यांसारखं दिसतं.

फ्लेक्सवाल्यापासून सावध. त्याच्या दुकानात फूट चालतो. 1 मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडं जास्त, आणि तो ‘तीन बाय तीन करू, सोयीचं पडतं’ म्हणणारच. ऐकू नकोस. त्याच्याकडे फाइल द्यायची ती पीडीएफ. वर्डची दिली आणि त्याच्या संगणकावर तुझा फॉन्ट नसला, की ‘स्त्री’चे तीन तुकडे होतात आणि ‘दुसऱ्या’चा ‘र’ कुठेतरी जाऊन बसतो. पडद्यावर शेवटचं वाचल्याशिवाय तिथून हलू नकोस. त्याने प्रेमाने मागे सूर्यकिरणं आणि गुलाबी ढग टाकले असतील, तर ते काढायला लाव. तो बिचारा वर्षभर वाढदिवसाचे बॅनर करतो, त्याचा हात तिकडे जातो. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट पडली की मधला भागच दिसत नाही, म्हणून मॅट आहे का विचार. आणि हे सगळं आदल्या दिवशी नाही, तीन दिवस आधी.

बोलण्याचं. पोस्टरपाशी परीक्षक दोन-तीन मिनिटं थांबतात. ‘माझ्या संशोधनाचा विषय आहे’ याने सुरुवात केलीस तर पहिलं मिनिट तिथेच जातं, आणि विषय तर पोस्टरवर लिहिलेला असतोच. अशी सुरुवात कर : “माझी आज्जी 81 वर्षांची आहे. तिला ओव्या विचारल्या तर चार आठवल्या. रिकाम्या जात्याचा खुंटा हातात दिला तर एकतीस. सगळ्याच बायकांचं असं होतं का, हे मी गावात बघितलं.” मग थांब. खरंच थांब, मनात तीन आकडे मोज. समोरून प्रश्न येईल, आणि तो ‘नवीन काय’ नसेल. ही चार वाक्यं गोठ्यात, परसात, एसटीच्या खिडकीपाशी, जमेल तिथे मोठ्याने म्हण. आरशासमोर नको. आरशात माणूस आपले केस बघतो.

उपयोगाचं विचारलंच तर समाजाला मध्ये आणू नकोस. म्हण, “यापुढे जो कोणी म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या गोळा करायला जाईल, त्याने आधी माळ्यावरचं जातं खाली काढावं. नुसतं विचारून परत आलात तर निम्म्याहून जास्त मागे राहतात, निदान आमच्या आज्जीच्या तरी राहिल्या.” आणि एखादा प्रश्न नाहीच आला तर “हे मी तपासलेलं नाही” म्हण. मी अशा उत्तरांना गुण दिलेत. ‘संस्कृती’ या उत्तराला दिल्याचं आठवत नाही.

ठिबकच्या मॉडेलचा हेवा वाटला ना? साहजिक आहे, पडणारं पाणी सगळेच बघतात. जातं न्यायच्या भानगडीत पडू नकोस, एसटीत चढवताना कंडक्टर आणि तू दोघंही रडाल. पण खुंटा निघतो. तो काढून पिशवीत टाक. इतक्या वर्षांच्या हातांनी त्याला जी गुळगुळीत झिलई आलेली असते, ती फोटोत येत नाही. वस्तू ठेवायला परवानगी असेल तर टेबलावर नुसता ठेव, त्याच्याबद्दल काही बोलू नकोस. कोणीतरी उचलून बघेलच. आवाजाचं म्हणशील तर हॉलमध्ये कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून आज्जीची वीस सेकंदांची एकच ओवी कापून ठेव आणि इअरफोन जवळ असू दे. स्वतः म्हणून दाखवायची असेल तर दाखव, पण कोणी मागितली तरच आणि एकच. पाठ करून गायनस्पर्धेसारखी नको, जशी रात्री वही लिहिताना गुणगुणत असशील तशी.

राहिली परवानगी. नऊ जणींना विचारलंयस का, की तुमचं नाव आणि फोटो साताऱ्याला भिंतीवर लागणार आहे? रेकॉर्ड करायला हो म्हणणं वेगळं. वहीच्या पाचव्या पानावर सासूवरच्या दोन ओव्या आहेत. एकीत घराण्याचं नाव आलंय, आणि त्या सासूबाई, वय बघता, अजून हयात असतील. ती ओवी वहीतच राहू दे. म्हणणारीने ती तुझ्यापाशी म्हटली, परीक्षकांपाशी नाही. बाकीच्यांना पोस्टरचा ए-फोर दाखव आणि त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखव. एखादी म्हणेल, माझं वय चुकलंय. दुसरी म्हणेल, माझी ती नको, त्यापेक्षा ही घे, आणि नवीनच ओवी सांगेल. वही बरोबर ठेव.

आज रात्रीच एक काम कर. सगळी रेकॉर्डिंग भावाच्या फोनवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरव. त्याला म्हणावं, इंग्रजीचं राहू दे, हे कर. मग पाच जणींचे आकडे मला कळव, उतरलेले असले तरी. आणि आज्जीला विचार, साताऱ्याला येतेस का. गुडघे बरे असतील तर एसटीने नीट येईल.

तुझी,
ताई